प्रोफेसर केळफा यांची जादू आणि सरस्वतीबाईंचे हात

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी तुम्हांला एका जादूगाराचे चरित्र सांगणार आहे. वर्धापनदिनाला एखाद्या संताचे किंवा देशभक्ताचे चरित्र सांगावे, जादूगाराचे काय सांगायचे, असे कोणाच्या मनात येईल. परंतु हा जादूगार साधासुधा नव्हता. रंगमंचावर तो 'प्रोफेसर केळफा' ह्या नावाने उभा राही. नाव ऐकून कोणी परमुलखातला पाहुणा असावा असे वाटते. आता हेच नाव शेवटच्या अक्षरापासून उलटे वाचा. के, ळ, फा. उलटे केले की फा, ळ, के! म्हणजे आपले धुंडिराज गोविंद फाळके. सारा देश ज्यांना दादासाहेब फाळके म्हणतो आणि आपल्या देशातला पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट म्हणून ज्याची नोंद आहे तो 'राजा हरिश्चंद्र' ज्यांनी १९१३ साली लोकांपुढे आणला, तेच हे गृहस्थ. ते चित्रकार होते, फोटोग्राफर होते, छापखानदार होते, नाटकांतून लहानसहान कामे केलेले नट होते, आणि चित्रपटात येण्याच्या दहा वर्षे आधी तिकीट लावून जादूचे प्रयोग करणारे जादूगार होते.

जादूचा खेळ आपल्याला नवा नाही. गावच्या जत्रेत गारुडी येतो, डोंबाऱ्याचा खेळ येतो. ह्या खेळांत एक गोष्ट तुम्ही नेहमी पाहिली असेल. सगळ्यांचे डोळे दोरावर चालणाऱ्याकडे असतात. पण खाली ढोलकी वाजवणारी, दोराचा खुंटा सांभाळणारी, आणि खेळ संपल्यावर ताट फिरवणारी एक बाई असते. तिच्याकडे कोणी पाहत नाही. तिने ढोलकी थांबवली तर दोरावरच्याचा ताल चुकेल, खुंटा सैल सोडला तर तो खाली येईल. तरीही घरी जाऊन आपण सांगतो ते दोरावरच्याबद्दल. प्रोफेसर केळफांच्या खेळातही अशी एक बाई होती. तिचे नाव सरस्वतीबाई. म्हणून आजचे चरित्र दोघांचे आहे.

धुंडिराजांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृतचे पंडित. पुढे ते मुंबईला विल्सन कॉलेजात शिकवू लागले आणि कुटुंब मुंबईस आले. वडिलांची शास्त्रीपरंपरा मुलाने चालवावी अशी अपेक्षा असणारच. पण ह्या मुलाचे हात स्वस्थ बसणारे नव्हते. १८८५ साली त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, फोटोग्राफी अशा अनेक विद्या शिकले. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती करून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पाहा, चित्रपटाचे नाव अजून जगात नव्हते, पण ह्या तरुणाच्या डोक्यात नाट्यगृह होते.

त्यानंतर त्यांनी गुजरातेत गोध्रा येथे फोटोचे दुकान घातले. तेथे प्लेगने घाला घातला. पहिली पत्नी आणि मूल दोघेही गेली. माणूस मोडून पडावा असा तो प्रसंग होता. ते बडोद्यास परतले, पण तेथे फोटोचा धंदा चालेना. फोटो काढला की आयुष्य कमी होते अशी समजूत तेव्हा लोकांत होती. मग धुंडिराजांनी नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवायला घेतले. पडदे रंगवता रंगवता नाटक बसवणे कसे असते ते कळले आणि छोट्या भूमिकाही वाट्याला आल्या. ह्याच सुमारास एक जर्मन जादूगार बडोद्यास आला होता. धुंडिराज त्याच्याकडून जादू शिकले, आणि १९०१ साल संपता संपता 'प्रोफेसर केळफा' ह्या नावाने स्वतःचे प्रयोग करू लागले.

भगिनींनो, रंगमंचावरची जादू म्हणजे मंत्रतंत्र नव्हे. ती हातचलाखी आहे. जादूगार उजवा हात उंच करतो तेव्हा काम डावा हात करीत असतो. तुमची नजर कुठे जाईल हे त्याने आधीच ठरवलेले असते. त्यासाठी महिनोन्‌महिने सराव लागतो, सामान नीट रचावे लागते, आणि एक विश्वासू मदतनीस लागतो. खरा जादूगार हे कबूल करतो. मी देव नाही, माझ्या अंगात काही येत नाही, ही कला आहे, असे तो सांगतो आणि तिकिटाच्या पैशापुरती करमणूक करून घरी जातो. अंगारे, धुपारे, उतारे करून बायाबापड्यांना लुबाडणारा बुवा मात्र हीच हातचलाखी दैवी म्हणून खपवतो. असल्या फसवणुकीविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला हे आपण सर्वांनी लक्षात ठेवावे. जादूगार आणि बुवा ह्यांतला हा फरक समजण्यासाठी केळफांचे चरित्र फार उपयोगी आहे. ह्या गृहस्थाने पुढे आपल्या जादूचे गुपित स्वतःच उघड करून दाखवले. ते कसे, हे ओघाने येईलच.

१९०२ साली त्यांचे दुसरे लग्न झाले. वधू गिरिजा करंदीकर. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या नात्यातली. सासरी आल्यावर तिचे नाव सरस्वती ठेवण्यात आले. नवरा विधुर, धंदा बेभरवशाचा, एक पाय नाटकात तर दुसरा जादूत. अशा घरात ती आली.

पुढची दहा वर्षे धुंडिराजांनी किती धंदे पालटले ते पाहा. १९०३ साली पुराणवस्तू खात्यात फोटोग्राफर आणि आरेखक म्हणून नोकरी. १९०६ च्या सुमारास ती सोडून लोणावळ्यास छापखाना. तेथे राजा रविवर्मा ह्यांच्या चित्रांच्या छपाईचे काम. मग छापखाना दादरला हलवून त्याला 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' हे नाव. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीची वारी. धंदा नावारूपाला आला आणि भागीदारांशी पटेना म्हणून तोही सोडला. नवऱ्याच्या प्रत्येक नव्या धंद्याबरोबर बिऱ्हाड हलते, दूधवाला बदलतो, वाण्याची उधारी नव्याने सुरू होते. हे सगळे पुरुषांनी लिहिलेल्या चरित्रांत एका ओळीत उरकलेले असते. ती ओळ जगायला बाईला दहा वर्षे लागतात.

१९११ साली धुंडिराजांनी मुंबईत गिरगावातल्या एका तंबूवजा थिएटरात चित्रपट पाहिला. ईस्टरच्या सणाला ते कुटुंबाला घेऊन गेले. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र चालले होते. ते पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे आपला कृष्ण, आपला राम, गोकुळ आणि अयोध्या दिसू लागली. ही हकीकत त्यांनी स्वतः पुढे 'नवयुग' मासिकात लिहिली आहे. आपल्या देवादिकांच्या कथा आपल्याच माणसांनी अशा पडद्यावर का दाखवू नयेत, ह्या विचाराने त्यांना झपाटले. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर सरस्वतीबाई बसल्या होत्या.

त्यानंतर रोज चार-पाच तास चित्रपट पाहणे आणि उरलेल्या वेळात त्याचे यंत्रतंत्र अभ्यासणे असा क्रम चालू झाला. झोप नाही, विश्रांती नाही. अखेर डोळ्यांनी दगा दिला आणि दृष्टी जाण्याची वेळ आली. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि चष्म्यांनी ती परत आली. चाळिशी ओलांडलेला, नोकरी नसलेला, डोळे अधू झालेला नवरा 'मी चित्रपट काढणार' असे म्हणतो, तेव्हा बहुतेक घरांत काय उत्तर मिळेल ते मी सांगायला नको. नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढले. सरस्वतीबाईंनी काढले नाही.

विम्याची पॉलिसी गहाण पडली आणि त्या पैशावर १९१२ च्या फेब्रुवारीत फाळके विलायतेस निघाले. लंडनजवळ सेसिल हेपवर्थ ह्यांचा चित्रपटांचा कारखाना होता, तो पाहिला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र खरेदी केले. आणि एप्रिलच्या आरंभी ते परतले. हे दोन महिने घर आणि मुले सांभाळणारी कोण, हे वेगळे सांगायला नको.

परत आल्यावर भांडवल हवे होते. नुसत्या बोलण्यावर सावकार पैसे देतो काय? तेव्हा जुना जादूगार जागा झाला. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यापुढे बसवला. रोज थोडे थोडे चित्र घेतले. महिनाभराने ती फिल्म चालवली, तेव्हा माती दुभंगून अंकुर वर आला, पाने फुटली, वेल चढला, आणि हे सारे पाहता पाहता मिनिटभरात! आपण शेतकऱ्यांच्या लेकीसुना आहोत. बी रुजायला किती दिवस लागतात ते आपल्याला ठाऊक. त्या महिन्याचे मिनिट करून दाखवणे ही केळफांची अस्सल जादू होती, आणि तिच्यात फसवणूक कणभरही नव्हती. ती पाहून भांडवल देणारे पुढे आले. कमी पडले तेथे सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

आता 'राजा हरिश्चंद्रा'चे काम दादरच्या घरी सुरू झाले. चित्रपटात काम करणे ही तेव्हा लाजेची गोष्ट होती. म्हणून फाळके आपल्या माणसांना सांगत, कोणी विचारले तर आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगा! तारामतीचे काम करायला बाई काही मिळेना. फाळक्यांनी सरस्वतीबाईंनाच विचारले, पण त्यांनी नकार दिला. आधीच इतकी कामे अंगावर असताना हे आणखी कोण करणार, असे त्यांचे म्हणणे होते असे सांगतात. अखेरीस एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके हे तारामती झाले. इतर स्त्रीपार्टी पुरुष मिशा काढायला तयार होईनात, कारण मिशा काढायच्या त्या वडील गेल्यावर. त्यांची समजूत घालता घालता फाळके हैराण झाले, असेही सांगतात. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके, आणि रोहिदास झाला फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. चित्रण चालू असताना हा मुलगा दगडावर पडून बेशुद्ध झाला होता आणि तरीही वडिलांनी काम थांबवले नाही, अशी हकीकत सांगतात. वडिलांच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून ती सांगितली जाते. ऐकताना आईच्या जिवाचे काय झाले असेल ते आपण आयांनी ओळखावे.

आणि सरस्वतीबाईंच्या अंगावर कामे तरी कोणती होती? पहिले म्हणजे स्वयंपाक. साठसत्तर माणसांचे दोन वेळचे जेवण. आपल्याकडे तुकोबांची पालखी मुक्कामाला येते, तेव्हा मोठ्या पंगतीचा स्वयंपाक म्हणजे काय ते निमगावच्या बायांना कळते. पण तो वर्षातला एक मुक्काम. त्यांच्याकडे हा मुक्काम महिनोन्‌महिने चालू होता.

दुसरे काम उन्हात उभे राहण्याचे. त्या काळी चित्रणाला विजेचे दिवे नव्हते. सूर्यप्रकाशात काम चाले. ऊन डोक्यावर आले की नटाच्या डोळ्यांखाली, हनुवटीखाली काळी सावली पडते. समोरून पांढरी चादर धरली की तिच्यावरचा उजेड चेहऱ्यावर फेकला जातो आणि चेहरा उजळतो. ही चादर ताणून, न हलवता, तासन्‌तास धरून उभे राहावे लागे. ती सरस्वतीबाई धरीत. हरिश्चंद्राच्या चेहऱ्यावर जो उजेड दिसतो, त्याच्यामागे ह्या बाईचे भरून आलेले हात होते.

तिसरे काम रात्रीचे. तेव्हा फिल्म विकत येई ती कोरी, कडेला भोके नसलेली. भोकांशिवाय ती यंत्राच्या दात्यांवर चढत नाही. अंधाऱ्या खोलीत, हाताने चालणाऱ्या यंत्राने, चाचपून चाचपून भोके पाडावी लागत. ती कामगिरी सरस्वतीबाईंनी शिकून घेतली. हिशेब करून पाहू. एका फुटात सोळा चित्रे; प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार, म्हणजे आठ भोके; एका फुटाला एकशे अठ्ठावीस. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फूट लांब होता. म्हणजे एका प्रतीला पावणेपाच लाखांच्या घरात भोके झाली. एक भोक वाकडे पडले की पडद्यावर चित्र उडी मारणार. दिवसभर साठ माणसांच्या भाकऱ्या, दुपारी चादर, आणि रात्री अंधारात हे मोजूनमापून करायचे काम! शिवाय फिल्म धुण्याची रसायने तयार करणे, फिल्म धुणे, सुकवणे, जोडणे ह्यांतही त्यांचा हात होता. आजच्या भाषेत त्यांना तंत्रज्ञ म्हणावे लागेल. विलायतेला न जाता, कोणत्याही कलाशाळेत पाऊल न टाकता ही बाई चुलीपासून दहा पावलांवर हे शास्त्र शिकली.

३ मे १९१३ रोजी मुंबईत कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. मौज अशी की त्या कार्यक्रमात चित्रपटाच्या जोडीला नाच, विनोदी नकला आणि पायांनी वस्तू झेलणाऱ्या एका कसरतपटूचा खेळही ठेवला होता. पडद्यावरच्या नुसत्या सावल्यांसाठी लोक पैसे मोजतील असा भरवसा अजून कोणाला नव्हता. पण लोकांनी त्या सावल्यांसाठीच गर्दी केली. पुढे गावोगाव खेळ लावताना फाळक्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रे तीन आण्यांत पाहा, अशी जाहिरात केली असे सांगतात. गारुडी बोलून बोलून गर्दी जमवतो ना, तीच ही विद्या!

रंगमंचावरची जादू चित्रपटात त्यांनी कशी आणली, तेही थोडे समजून घेऊ. कॅमेरा चालू असताना देव उभा आहे. कॅमेरा थांबवायचा, बाकी सगळ्यांनी जागच्या जागी पुतळ्यासारखे राहायचे, देवाने बाजूला व्हायचे, पुन्हा कॅमेरा चालू. पडद्यावर देव अंतर्धान पावला! किंवा अर्ध्या चित्रावर काळा पडदा ठेवून चित्रण करायचे, फिल्म उलटी गुंडाळायची, आणि उरलेल्या अर्ध्यावर पुन्हा चित्रण करायचे. मग एकच माणूस दोन ठिकाणी दिसतो. १९१७ च्या 'लंका दहना'त राम आणि सीता ही दोन्ही कामे साळुंक्यांनीच केली होती. त्याच चित्रपटात लोकांनी मारुतीला उडताना पाहिले, आणि पडद्यावर राम आला की प्रेक्षक हात जोडीत. जादूगाराचे यश ह्याहून मोठे कोणते?

फ्रान्सात ह्याच वाटेने आणखी एक जादूगार गेला होता. जॉर्ज मेलिएस त्यांचे नाव. पॅरिसमध्ये त्यांचे स्वतःचे जादूचे थिएटर होते. १८९५ साली त्यांनी ल्यूमिएर बंधूंचा चित्रपट पाहिला आणि तेही पडद्यावरची जादू करू लागले. पुढे त्यांचे दिवाळे निघाले. झान द'आल्सी ही त्यांच्या चित्रपटांत काम करणारी नटी नंतर त्यांची पत्नी झाली. तिच्या खेळण्यांच्या दुकानात, पॅरिसच्या एका रेल्वे स्टेशनवर, हे जादूगार उतारवयात बसत. देश निराळा, भाषा निराळी; पण जादूगार थकला तेव्हा त्याला सावरणारी तेथेही एक बाईच होती.

१९१६ साली फाळक्यांनी प्रोफेसर केळफांना पडद्यावर आणले आणि आपले जादूचे प्रयोग स्वतःच करून दाखवले. आणि १९१७ साली त्यांनी चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारा एक लहान चित्रपट काढला. त्यात फाळके स्वतः नटांना शिकवताना, फिल्म तपासताना दिसतात. जादूगार आपल्या पेटीचे झाकण सहसा उघडत नाही. ह्यांनी ते उघडले. आपल्या देशातल्या आणखी माणसांनी ही विद्या शिकावी आणि धंदा वाढावा, ही त्यामागची दृष्टी. बुवा आणि जादूगार ह्यांतला फरक मी मघाशी सांगितला, त्याचा हा पुरावा.

बायकांसाठीही त्यांनी एक दार उघडले. 'राजा हरिश्चंद्रा'नंतर नाशिकला जाऊन त्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाल्या त्यांच्या कन्या कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले. नटी म्हटले की समाज नाक मुरडत असे, अशा काळात ह्या मायलेकी उजेडात उभ्या राहिल्या. कमलाबाईंचे चिरंजीव चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले हे दोघेही नामवंत नट झाले. १९१९ च्या 'कालिया मर्दना'त तर बाळकृष्ण झाली फाळक्यांची स्वतःची सहा-सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. पुरुषांनी बायकांची सोंगे घेण्याच्या त्या दिवसांत एका मुलीने कृष्णाचे सोंग घेतले, आणि ते लोकांना इतके भावले की आजही ती फिल्म पाहणारा तिच्या खोडकर डोळ्यांवर खूष होतो.

पुढचा भाग थोडक्यात सांगते. १९१८ साली भांडवलदारांच्या भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पैसा आला, पण मतभेदही आले. फाळके कंपनी सोडून काशीला गेले; तेथे 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिले; मग पुन्हा नाशिकला परतले. १९३१ साली 'आलम आरा' आला आणि चित्रपट बोलू लागला. मूकपटाचे दिवस संपले. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, १९३७ साली, फाळक्यांनी कोल्हापुरात 'गंगावतरण' हा आपला एकमेव बोलपट केला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले. शंभराच्या आसपास चित्रपट करणाऱ्या ह्या माणसाजवळ अखेरीस धनदौलत राहिली नव्हती. १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च पुरस्कार सुरू केला, आणि पहिला मान देविका राणी ह्यांना, म्हणजे एका स्त्रीला मिळाला. २००९ साली परेश मोकाशी ह्यांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा सुंदर मराठी चित्रपट काढला. त्यात नंदू माधव फाळके झाले आणि विभावरी देशपांडे सरस्वतीबाई झाल्या. त्यामुळे अनेकांना ह्या बाईची प्रथमच ओळख झाली. तोपर्यंत शहाण्णव वर्षे लोटली होती.

आता हे सारे मी आपल्या मंडळापुढे का सांगितले? नवऱ्याला दोष देण्यासाठी मुळीच नव्हे. फाळके मोठेच होते, आणि त्यांनी पत्नीला आपल्या विद्येत वाटेकरी केले हा त्यांचा मोठेपणा. त्या काळच्या कितीतरी घरांत बाईला नवऱ्याच्या धंद्याच्या खोलीत पाऊल टाकता येत नसे. ह्यांनी यंत्र तिच्या हाती दिले. माझे म्हणणे एवढेच की, जादूचा खरा नियम नीट ओळखला पाहिजे. जादूगार एक हात उंच धरतो म्हणून दुसरा आपल्याला दिसत नाही. आपल्या घरांतही हेच चालते. वेळेवर जेवण ताटात येते, धुतलेला कपडा खुंटीवर असतो, आजाऱ्याचे औषध चुकत नाही, आणि हे सगळे आपोआप झाले असे सर्वांना वाटते. ही रोजची जादू आहे, आणि तिच्यातला न दिसणारा हात बाईचा आहे. आपल्या पानमळ्यांकडेच पाहा. वेल बांधायला, पाने खुडायला, निवडून लावायला बाया असतात. बाजारात मात्र मळा ओळखला जातो तो मालकाच्या नावाने.

नाव ही क्षुल्लक गोष्ट नाही. नाव कागदावर असले तर हक्क सांगता येतो. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात, सरकारी कागदोपत्री, वडिलांच्या आधी आईचे नाव लिहायचे असा नियम झाला आहे. हा नियम आपल्यापैकी कितीजणींनी आपल्या सुनांना, लेकींना समजावून सांगितला? सातबारा उताऱ्यावर आपले नाव आहे की नाही, हे कितीजणींनी तलाठी कार्यालयात जाऊन पाहिले? घरच्या पुरुषांशी भांडण करून नव्हे, तर चार गोष्टी समजावून हे होण्यासारखे आहे. फाळक्यांनी यंत्र हाती दिले, तसे कागद हाती देणारे नवरे आणि सासरे आपल्या गावातही आहेत. त्यांना विचारायला मात्र हवे.

मंडळापुरत्या दोन सूचना करते. पहिली ही की, दरवर्षीच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीबरोबर राबणाऱ्यांचीही यादी छापावी. सतरंज्या कोणी आंथरल्या, चहा कोणी केला, हिशेबाची वही कोणी लिहिली, सभेची निरोपानिरोपी कोणी केली, ती सगळी नावे यावीत. त्यासाठी एखादे पान वाढले तरी खर्च फुकट जाणार नाही. दुसरी सूचना सहलीची. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके ह्यांचे स्मारक आहे. त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाला आपण जातोच. तेच त्यांचे जन्मगाव. ह्या खेपेला देवदर्शनाबरोबर स्मारकही पाहू, आणि तेथे सरस्वतीबाईंची ही हकीकत एकमेकींना, विशेषतः बरोबरच्या मुलींना, सांगू.

 ज्या भगिनी आत चहाच्या तयारीत आहेत आणि त्यामुळे ज्यांना हे व्याख्यान ऐकता आले नाही, त्यांच्यासाठीच खरे तर हा मजकूर स्मरणिकेत छापायला देत आहे.